एकसष्टावी खुर्ची

मार्चमध्ये आमच्या शाळेच्या ताइइकुकानमध्ये, म्हणजे व्यायामशाळेत पाऊल टाकलं की आधी वास येतो. जाड प्लॅस्टिकच्या हिरव्या चादरींचा. वर्षभर त्या स्टेजच्या बाजूच्या खोलीत गुंडाळून उभ्या असतात. बाहेर निघतात त्या दोनदाच, मार्चमध्ये सहावीच्या निरोपाला आणि एप्रिलमध्ये पहिलीच्या स्वागताला. बास्केटबॉल-व्हॉलीबॉलच्या रंगीत रेषा त्यांच्याखाली झाकल्या गेल्या की ती खेळायची जागा राहत नाही. मुलं आपोआप हळू बोलायला लागतात.

मी जपानच्या सैतामा प्रांतातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत २०१८ पासून मदतनीस आहे. परदेशातून आलेल्या मुलांच्या शेजारी बसायचं, वर्गात चाललेलं सोप्या जपानीत समजावून सांगायचं, शाळेकडून आलेली पत्रकं त्यांच्या आयांना वाचून दाखवायची. आठवड्यातले तीन दिवस. पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कुणाचंच काम ठरल्याप्रमाणे राहत नाही. स्वयंपाकघरातल्या बायका सोडल्या तर अख्खी शाळा खुर्च्या उचलत असते.

सोत्सुग्योशिकिबद्दल, म्हणजे सहावीच्या निरोप समारंभाबद्दल बरंच लिहिलं जातं. आयांचे किमोनो, मुलींचे हाकामा, म्हणजे किमोनोवर नेसायचे घेरदार पोशाख, गाणी, रडणं. मला लिहायचंय ते आदल्या दिवसाच्या दुपारबद्दल, कारण माझ्या मते खरा समारंभ तेव्हा होतो आणि तो पाचवीची मुलं करतात.

पहिली ते चौथीची मुलं त्या दिवशी जेवण झालं की घरी जातात. सहावीचे शेवटचा सराव संपवून, दप्तरं पाठीला लावून निघून जातात. मग पाचवीच्या दोन्ही वर्गांपुढे उपमुख्याध्यापक एक कागद धरतात. कोण कुठे, ते त्यावर लिहिलेलं असतं. काही जण फाटकापाशी, काही बूट ठेवायच्या कप्प्यांपाशी, काही सहावीच्या वर्गांत फळा सजवायला, काही जिन्यांवर आणि संडासांत. हो, संडासही. सहावीच्या मजल्यावरचे संडास त्या दुपारी पाचवीची मुलं गुडघ्यावर बसून घासतात, आणि माझ्या इतक्या वर्षांत त्यावरून कुणी तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं नाही. बाकीची सगळी ताइइकुकानमध्ये.

तिथे सहावीच्या खुर्च्या सरावासाठी आधीपासून मांडलेल्या असतात. पण आदल्या दिवशी त्या सगळ्या हलवून, पुसून, पुन्हा मांडायच्या असा आमच्याकडचा रिवाज आहे. पालकांच्या खुर्च्या नव्याने काढायच्या. लोखंडी नळीच्या, घडीच्या या खुर्च्या. पाइप-इसु म्हणतात त्यांना. स्टेजच्या पोटात लांबलचक, बुटक्या गाड्या असतात, त्यावर त्या ओळीने आडव्या रचलेल्या. चौघांनी मिळून ओढली की गाडी कुरकुरत बाहेर येते, आणि तिच्याबरोबर वर्षभराची धूळ, एखादं बॅडमिंटनचं फूल, कधीची हरवलेली टोपी. घडी उलगडताना बोट सापडतं. म्हणून आधी सगळ्यांना खाली बसवून एक खुर्ची दहा वेळा उघडून-मिटून दाखवतात.

मग दोरी येते. पांढरी नायलॉनची, साधीच. एक मूल या टोकाला, एक त्या टोकाला, दोघंही उकिडवी. दोरी जमिनीला टेकवून ताणायची आणि प्रत्येक खुर्चीचे पुढचे पाय तिला टेकवायचे. टेकवायचे म्हणजे टेकवायचेच, पण ढकलायची नाही, नाहीतर दोरी वाकते आणि सगळी ओळ वाकते. मराठीत आपण ‘एका सुतात’ म्हणतो ते मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच्या सुताने होताना इथे पाहिलं. एक ओळ झाली की दोघंही दोरी न उचलता सरकत मागे येतात आणि पुढची ओळ धरतात.

दोन खुर्च्यांमध्ये अंतर एक मूठ. मोजपट्टी नाही, मूठ. यंदा पाचवीच्या एका मुलाच्या लक्षात आलं की पहिली ओळ दुसरीपेक्षा लांब झालीये. तिथे एक आडदांड मुलगा मूठ लावत होता आणि मागच्या ओळीत एक बारकी मुलगी. सरांनी काही सांगितलं नाही, नुसतं “मग आता काय करायचं?” असं विचारलं. मुलांनी आपापल्या मुठी एकमेकांना लावून पाहिल्या, बरीच चर्चा झाली आणि शेवटी एकाच मुलीची मूठ सगळ्यांसाठी ठरली. पुढचा तासभर ती मुलगी बाकी काहीच न करता ओळीओळीतून वाकत चालत होती. दोन खुर्च्यांमध्ये मूठ घालायची, काढायची, पुढे जायचं. सहावीच्या एकसष्ट खुर्च्या तिच्या मुठीवर मांडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिथे बसलेल्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

भिंतींना लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा कापडी पडदा लागतो, कोओहाकु-माकु. शुभकार्याचा पडदा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लावला तर ते घर दुःखाचं असतं, त्याला कुजिरा-माकु म्हणतात. आमचा पडदा जुना आहे, लाल रंग थोडा विटलाय. तो लावायचं काम शाळेचे योमुइन-सान करतात. दुरुस्तीपासून बागेपर्यंत सगळं बघणारे हे साठीतले गृहस्थ. ते शिडीवर आणि खाली मुलांची रांग पडदा हातांवर धरून उभी, जमिनीला लागू नये म्हणून. पट्टा कुठे संपतो आणि पुढच्या पडद्याचा पट्टा कुठे सुरू होतो तिथे लाल शेजारी लाल येता कामा नये. यावर त्यांचा फार कटाक्ष. एकदा सगळी बाजू लावून झाल्यावर त्यांना एक जोड चुकलेला दिसला. त्यांनी तेवढ्यासाठी शिडी परत आणली.

फुलांचंही असंच. स्टेजपर्यंत जाणाऱ्या मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना पॅन्झी आणि प्रिम्युलाच्या कुंड्या. या मुलांनी शरद ऋतूत लावलेल्या आणि थंडीभर पाणी घालून जगवलेल्या. आदल्या दुपारी वाळलेली पानं खुडायची, कुंडीची माती पुसायची, मग आत आणायच्या. कागदी फुलं पहिली-दुसरीची मुलं करतात, ओहानागामि नावाच्या अगदी पातळ कागदाची. पाच कागद एकावर एक ठेवून पंख्यासारखी घडी, मध्ये रबर आणि मग एकेक थर वर उचलायचा. हा उचलणं भाग अवघड. कागद इतका तलम की जरा घाई केली की फाटतो, आणि सहा-सात वर्षांच्या बोटांना घाई फार. गेल्या वर्षी माझ्या शेजारी बसलेल्या पहिलीतल्या एका नेपाळी मुलाची तीन फुलं फाटली. चौथं करताना तो श्वास रोखून बसला होता. शेवटचा थर सुटून फूल गोल झालं तेव्हा त्याने ते कुणाला दाखवलं नाही, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून सरळ खोक्यात नेऊन ठेवलं. त्याच्या भावंडांपैकी कुणी सहावीत नव्हतं. ज्यांच्यासाठी केलं त्यांची नावंही त्याला माहीत नसतील.

खुर्च्यांची तोंडं कुठल्या दिशेला, हा प्रश्न साधा वाटतो, पण नाही. आमच्या शाळेत सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. मध्यभागी हिनोमारु, म्हणजे जपानचा राष्ट्रध्वज, बाजूला शाळेचा आणि शहराचा ध्वज, खाली मेज, त्यावर काळ्या लाखेच्या तबकात प्रमाणपत्रांची चळत. मुलं एकेक करून पायऱ्या चढतात. माझी मुलगी ज्या शाळेत शिकली तिथे मांडणी समोरासमोर होती. एका बाजूला सहावीची मुलं, दुसऱ्या बाजूला पालक आणि धाकटे वर्ग, मध्ये जमिनीवरच मेज. मला ती मनापासून आवडली होती. लेकीचा चेहरा मी पूर्ण वेळ बघू शकले. स्टेजच्या मांडणीत आईवडिलांना दिसते ती मुख्यतः पाठ. आमच्याकडे त्यावर तोड म्हणून मूल वर गेल्यावर आधी पालकांकडे तोंड करतं, पुढे काय व्हायचंय किंवा काय करायचंय ते एका वाक्यात मोठ्याने सांगतं, आणि मग मुख्याध्यापकांकडे वळतं. तेही चांगलं आहे. पण मला विचाराल तर माझं मत समोरासमोरच्या बाजूने.

टोकियोत हा विषय एके काळी फार तापला. समारंभात ध्वज आणि राष्ट्रगीत हवं हे देशाच्या अभ्यासक्रमात १९८९ च्या फेरबदलात पक्कं झालं, आणि १९९९ साली दोन्हींचा कायदा झाला. मग २३ ऑक्टोबर २००३ ला टोकियो महानगराच्या शिक्षण मंडळाने आपल्या उच्च माध्यमिक आणि विशेष शाळांना लेखी आदेश काढला. ध्वज स्टेजच्या दर्शनी भिंतीवर, प्रमाणपत्र स्टेजवरच, विद्यार्थ्यांची तोंडं स्टेजकडे, शिक्षकांनी नेमून दिलेल्या जागी उभं राहून राष्ट्रगीत म्हणायचं. पुढे शेकडो शिक्षकांवर कारवाई झाली, खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्राथमिक शाळा त्या आदेशात नव्हत्या. त्या सगळ्या वादात मला सर्वात जास्त टोचतं ते विशेष शाळांचं. तिथे जमिनीवरची मांडणी मुद्दाम केलेली असायची, चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला स्वतःची खुर्ची स्वतः ढकलत जाऊन प्रमाणपत्र घेता यावं म्हणून. ती गेली आणि स्टेजला उतार बांधावे लागले. मेज कुठे ठेवायचं हा प्रश्न कुणासाठी किती मोठा असू शकतो हे मला ते वाचल्यावर कळलं.

पाचवीशिवाय समारंभ कसा असतो ते मी एकदाच पाहिलंय. २७ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी कोरोनामुळे देशभरातल्या शाळांना २ मार्चपासून बंद ठेवण्याची विनंती केली. मुलं दप्तरात सगळं सामान कोंबून घरी गेली. सहावीचा समारंभ आम्ही केला, पण पाहुणे नाहीत, धाकटे वर्ग नाहीत, गाणं नाही. आदल्या दिवशी आम्ही मोठीच माणसं होतो. दोरी धरली, खुर्च्या लावल्या, या वेळी मुठीच्या अंतराने नाही तर हात लांब केला तरी शेजारच्याला लागू नये इतक्या दूर. काम दोन तास आधी संपलं. कुणी बोट चेंगरलं नाही, कुणी भांडलं नाही. योमुइन-सान पडद्याचं टोक एका हाताने धरून एकटेच शिडी चढले. त्या वर्षी पाचवीत असलेली मुलं पुढच्या मार्चला स्वतः त्या खुर्च्यांवर बसली, कुणासाठी कधी एकही खुर्ची न मांडता. त्यांच्या वर्गशिक्षिका मला म्हणाल्या होत्या, “यांचं एक देणं राहून गेलं.” ते वाक्य मी विसरले नाही.

आता यंदाचं.

सहावीत एकसष्ट मुलं. यादीत एकसष्ट, तबकात प्रमाणपत्रं एकसष्ट, खुर्च्या एकसष्ट. पण सरावाला कायम साठच असत. एक मुलगा पाचवीच्या शरदापासून शाळेत येत नव्हता. फुतोको म्हणतात याला. आजारपण किंवा पैशाची अडचण नसताना वर्षात तीस किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहिलेली मुलं या नावाखाली मोजतात. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात देशातल्या प्राथमिक शाळांमध्येच अशी १,३०,३७० मुलं होती. हा आकडा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. गेल्या वर्षी काही आठवडे हा मुलगा मंगळवारी मागच्या दाराने येऊन समुपदेशनाच्या खोलीत तासभर बसायचा. कधी कधी त्याच्याबरोबर मी असायचे. तो फार बोलायचा नाही. पेन्सिली टोकदार करून आकाराप्रमाणे ओळीने लावून ठेवायचा. मग तेही बंद झालं.

आदल्या दुपारी मुठीवाली मुलगी दुसऱ्या ओळीच्या मध्यावर थांबली आणि माझ्याकडे आली.

“सेन्सेइ, एक खुर्ची जास्त झालीये.”

“नाही, बरोबर आहे. एकसष्टच हव्यात.”

“पण सरावाला तिथे कुणी नसतं.”

मी काय सांगावं या विचारात असताना पलीकडच्या एका मुलाने चांगल्या भावनेनेच ती खुर्ची उचलली आणि बाकीचे ओळ सरकवून जागा भरायला लागले. रिकामी खुर्ची ओळीत वाईट दिसेल, असं त्याचं म्हणणं. सहावीच्या वर्गशिक्षिका स्टेजवर कुंड्या लावत होत्या, त्या तिथून धावत खाली आल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी ती खुर्ची त्याच्या हातातून घेतली, उघडली आणि म्हणाल्या, “ही त्याची आहे. उद्या तो येईल न येईल, जागा त्याची आहे.” ओळ पुन्हा सुटली होती. दोरी पुन्हा ताणली. मुठीवाली मुलगी पहिल्या खुर्चीपासून पुन्हा सुरू झाली. त्या खुर्चीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. खिशातून रुमाल काढला आणि बैठक पुसली, जी आधीच पुसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताइइकुकान गार होतं. मोठा जेट हीटर समारंभ सुरू होण्याआधी बंद करतात, आवाजामुळे, म्हणून पालक कोट घालूनच बसतात. पुढचं सगळं सरावाप्रमाणे झालं. नावं पुकारली गेली, “हाइ!” ऐकू येत गेलं. त्याचं नाव आलं तेव्हा वर्गशिक्षिकांनी बाकीच्यांइतक्याच मोठ्या आवाजात ते घेतलं, एक श्वासभर थांबल्या आणि पुढचं नाव घेतलं. तेवढ्या वेळात मला पडद्यामागच्या खिडकीवर वारा आपटताना ऐकू आला.

ज्यांना येणं जमत नाही त्यांना पुष्कळ शाळांमध्ये दुपारी बोलावून मुख्याध्यापकांच्या खोलीत प्रमाणपत्र देतात. आमच्याकडेही तसंच ठरलं होतं. चार वाजता, मागच्या फाटकाने, आईबरोबर. तोवर आवराआवर निम्मी झाली होती. पालकांच्या खुर्च्या गाड्यांवर चढल्या होत्या, एका भिंतीचा पडदा उतरला होता. उपमुख्याध्यापकांनी येऊन एवढंच सांगितलं, की मधली वाट, कुंड्या आणि सहावीच्या ओळी थोडा वेळ राहू द्या.

खोलीत कोण कोण होतं ते मी नंतर ऐकलं. मुख्याध्यापकांनी समारंभातलाच काळा कोट घातला होता, सकाळचंच काळं तबक होतं आणि त्यावर एकच कागद. वर्गशिक्षिकांनी नाव पुकारलं आणि त्याने उत्तर दिलं, हळू, पण दिलं.

मी ताइइकुकानमध्ये कुंड्यांचे कागद काढत होते, तेव्हा तो दारात दिसला. उंच झाला होता. आई मागे, हातात प्रमाणपत्राची नळी. योमुइन-सान शिडीवरून म्हणाले, “ये ना, आत ये.” तो बूट काढून मोज्यांवरच आत आला, हिरव्या चादरीच्या कडेला थांबला आणि मला विचारलं, “माझी कुठली?”

मी दाखवली. दुसरी ओळ, मधल्या वाटेपासून चौथी.

तो जाऊन बसला. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, जशी सरावात शिकवतात तशी. हे त्याला कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही. आई दारातच उभी राहिली. अर्धा मिनिट असेल, फार तर एक. मग तो उठला, वळला, खुर्चीची बैठक वर उचलून ती मिटली, बोट सांभाळून, आणि दोन्ही हातांनी धरून स्टेजकडे घेऊन आला. गाडीवर अजून जागा शिल्लक होती. त्याने ती तिथे ठेवली, मग परत जाऊन शेजारची आणली, मग तिच्या शेजारची. योमुइन-सान शिडीवरून उतरले आणि त्याच्याबरोबर उचलायला लागले. मीही लागले.

दुसरी ओळ संपल्यावर आम्ही तिघांनी गाडी ढकलली. एक चाक नेहमीप्रमाणे अडलं. त्याने वाकून पाहिलं, चाकात गुंतलेलं कागदी फुलाचं एक गुलाबी टोक ओढून काढलं आणि गाडी आत गेली.